मार्गदर्शक सापडेल, पद कोठे आहे?

पीएच.डी. झालेल्या तरुणाने पुढील संशोधनासाठी विद्यापीठात जागा कशी शोधावी, यावर आपल्याकडे सल्ल्यांचा सुकाळ आहे. पत्रे लिहा, परिषदांना जा, ओळखी वाढवा. कोठेतरी जागा आहे, शोधणाराच कमी पडतो, असे या साऱ्यांत गृहीत धरलेले असते. आपल्या राज्य विद्यापीठांतील भाषा व सामाजिक शास्त्रांच्या विभागांपुरते तरी हे गृहीतक मला मान्य नाही.

आपल्याकडे पोस्टडॉक ही बहुधा नेमणूक नसतेच. ती अधिछात्रवृत्ती असते. पैसा विद्यापीठ अनुदान आयोगाचा किंवा भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेचा, मुदत दोन-तीन वर्षांची, आणि विद्यापीठाचा वाटा म्हणजे एक संमतिपत्र. ते देण्यासाठी सेवेतला प्राध्यापक मार्गदर्शक म्हणून हवा. मेख येथेच आहे. ज्या विभागात मंजूर जागा वर्षानुवर्षे रिकाम्या ठेवून तासिका तत्त्वावर अध्यापन उरकले जाते, तेथे संमती देणार कोण? जो एखादा कायम प्राध्यापक उरला आहे, त्याच्या दाराशी सारे उमेदवार. मग विषयाची निवडही त्याच्या आवडीप्रमाणे होते, हे वेगळे सांगावयास नको.

आयोगाच्या धरसोडीबद्दल तर काय बोलावे! २०१८ च्या नियमावलीने विद्यापीठातील साहाय्यक प्राध्यापकपदासाठी पीएच.डी. सक्तीची ठरविली, अंमल २०२१ वरून २०२३ वर ढकलला, आणि २०२३ साली सक्तीच काढून घेतली. त्या अटीपायी ज्यांनी उमेदीची वर्षे प्रबंधात घातली, त्यांच्या हाती आता पदवी आहे आणि पुढचा रस्ता नाही.

असे म्हटले की राजवाड्यांचे नाव हटकून पुढे येते. ते कोणत्या विद्यापीठाच्या पदावर होते? नव्हते, हे खरेच. साधनांचे खंड त्यांनी विद्यापीठाच्या आश्रयावाचून काढले. परंतु त्याच राजवाड्यांनी १९१० साली भारत इतिहास संशोधक मंडळ उभारले, ते एकट्याच्या फकिरीवर विद्या चालत नाही म्हणूनच ना? त्यांच्या हालअपेष्टांची आरती ओवाळणारे बहुधा स्वतः सातव्या वेतन आयोगाचे लाभधारक असतात.

परदेशात नंदनवन आहे असेही नाही. जर्मनीत २००७ च्या कायद्याने डॉक्टरेटनंतरच्या मुदतबंद नेमणुकांना साधारणतः सहा वर्षांची मर्यादा आहे, आणि २०२१ साली तेथील संशोधकांनी या व्यवस्थेविरुद्ध समाजमाध्यमांवर रान उठविले. पण त्यांच्यापाशी भांडण्याजोगा नोकरीचा करार तरी होता. आपला अधिछात्र कशावरून भांडणार?

शोधगंगेवर चढविलेला प्रबंध म्हणजे ग्रंथ नव्हे. त्यातला पदवीपुरता मजकूर गाळून, पुन्हा मोडी कागद तपासून, नवे पुरावे जोडून ग्रंथ सिद्ध व्हावयास दोन-तीन निश्चिंत वर्षे लागतात. ती न मिळाल्याने मराठीतील किती प्रबंध तसेच पडून राहतात! तेव्हा उमेदवारांना अर्जलेखनाचे धडे देणे कुलगुरूंनी थोडे थांबवावे. रिक्त जागा भराव्यात, आणि प्रत्येक भाषा विभागात विद्यापीठाच्या स्वतःच्या निधीतून जाहिरात देऊन भरलेले, वेतनश्रेणीचे, तीन वर्षांचे एक तरी संशोधकपद निर्माण करावे. सोबत एक टेबल आणि ग्रंथालयाचे कार्ड.