जुने ते सोने, पण कानाला विचारून

गायकवृंदात गिटार घेऊन बसलेल्या मुलाच्या पायाशी एखादी लोखंडी डबी दिसली की आपल्या समाजात दोन तट पडतात. ज्येष्ठांच्या मते तो नाचगाण्याचा कारखाना. त्या पेडलने वेदीसमोर येऊच नये. तरुणांच्या मते ते यावेच, पण साठ-सत्तरच्या दशकातले अस्सल असावे. मग घरच्यांना कितीही पैसे मोजावे लागोत. माझे म्हणणे असे, की दोघेही एकच चूक करीत आहेत. एकाला वाद्य जुने हवे, दुसऱ्याला पेडल जुने हवे. कान मात्र कोणीच उघडत नाही.

ज्येष्ठांनी प्रथम इतिहास पाहावा. १९०३ साली दहावे पायस यांनी चर्चमध्ये पियानोलाही मनाई केली होती. पुढे ४ डिसेंबर १९६३ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेविषयीचे संविधान घोषित केले. त्यात पाइप ऑर्गनला मानाचे स्थान दिले, पण इतर वाद्यांसाठीही दार उघडे ठेवले. वाद्य पवित्र कार्यास योग्य असावे, मंदिराच्या प्रतिष्ठेला शोभावे, भाविकांच्या आत्मिक उन्नतीस साहाय्यक व्हावे आणि धर्माधिकाऱ्यांची संमती असावी, एवढ्याच अटी. वीज वर्ज्य आहे, असे तेथे कोठेही म्हटलेले नाही.

शिवाय या पेडलांचे गोत्र कोणते? १९३५ मध्ये हॅमंड यांनी विजेवर चालणारा ऑर्गन बाजारात आणला. पाइप ऑर्गनचा खर्च न झेपणाऱ्या अनेक चर्चनी तो घेतला. त्याचा स्वर पाइप ऑर्गनसारखा भरीव व्हावा म्हणून डॉन लेस्ली यांनी फिरत्या कर्ण्याचा स्पीकर बनविला. तोच हेलकावणारा नाद गिटारवादक पुढे फेजर पेडलात शोधू लागले. १९६६ साली घडलेल्या वाह-वाह पेडलाचा पहिला नमुना तर व्हॉक्स ऑर्गनच्या पायपट्टीच्या सांगाड्यात बसविला होता. ज्याला आपण परका समजून उंबऱ्यावर अडवतो, तो आपल्याच ऑर्गनच्या घरचा निघाला!

आता तरुणांना दोन शब्द. जुन्या पेडलाभोवती तुम्ही जे वलय निर्माण केले आहे, ते तपासून पाहा. फझचा जन्म बिघाडातून झाला. १९६१ च्या सुमारास नॅशव्हिल येथे मार्टी रॉबिन्स यांच्या ध्वनिमुद्रणात एक यंत्र बिघडले आणि स्वर फाटला. १९६२ मध्ये मॅस्ट्रो कंपनीने तोच फाटका स्वर देणारे पेडल विक्रीस काढले. १९६६ च्या फझ फेसमध्ये काय आहे? दोन ट्रान्झिस्टर, चार रोधक, तीन संधारक आणि दोन बटणे. सोल्डरिंग जाणणारा मुलगा ते घरी जुळवू शकतो. त्यातले जुने जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर उष्णतेने स्वर बदलतात. आपल्या किनाऱ्यावरचा वैशाख आणि खारा वारा त्यांना कितपत मानवेल? संग्राहकाच्या कपाटातले मोल उपासनेत चालत नाही.

जुने जपायचे म्हणजे काय, हे शिकायला परदेशी जाण्याची गरज नाही. चौलचा पोर्तुगीज अंमल १७४० मध्ये संपला. पण खाडीपलीकडे कोर्लईच्या ख्रिस्ती घरांत पोर्तुगीजमधून घडलेली बोली अद्याप ऐकू येते. ती कोणी काचेच्या पेटीत ठेवली म्हणून उरली नाही. आई लेकराशी बोलत राहिली म्हणून उरली. आज ती क्षीण होत आहे, तीही घरातला वापर घटल्यामुळेच. वस्तूंचेही असेच आहे. वापरात असेल ते जुने जिवंत. केवळ किमतीत उरेल ते मृत.

म्हणून माझी निवड सांगतो. पहिला मान १९७४ च्या फेज ९० ला. त्याला एकच बटण. अगदी संथ ठेवले तर कम्युनियनच्या वेळी स्वर श्वासासारखा हलतो. दुसरा मान १९७६ च्या बॉस कोरसला. चार गळ्यांच्या गायकवृंदाला तो भरीवपणा देतो. दोन्हींची नवी, स्वस्त प्रतिरूपे चालतील. दगडी भिंतींच्या उंच चर्चमध्ये प्रतिध्वनीचे पेडल मुळीच नको. भिंती ते काम फुकट करतात, त्यात भर घातली तर शब्द बुडतात. फझ सणाच्या मांडवात शोभेल. आणि प्रायश्चित्तकाळात वाद्यांनी सामान्यतः गायनाला केवळ आधार द्यावा, असा उपासनेचा नियम आहे. तेव्हा पेडल बंदच बरे.

शेवटी कसोटी एकच : मागच्या बाकावर बसलेल्या आजीला प्रार्थनेचा शब्द ऐकू आला का, आणि तिचे ओठ हलले का? हलले असतील तर पेडल कोणत्या सालचे, हे कोणीही विचारू नये. हलले नसतील, तर जगातले सर्वांत दुर्मीळ पेडलही मुकाट्याने पिशवीत ठेवावे.