तुटीचा शब्द कधी मोडावा?

मंदी आली म्हणून तूट आटोक्यात ठेवण्याचा दिलेला शब्द मोडणारा पुढारी मतदाराला फसवतो, सरकारनेही अंथरूण पाहूनच पाय पसरावेत, असं मत कळमेश्वरसारख्या गावात सर्रास ऐकू येतं. ते मांडणारी माणसं कष्टाची आणि सचोटीची असतात. तरीही हे मत चुकीचं आहे, आणि त्याची किंमत अशाच गावांना मोजावी लागते.

महाराष्ट्राने 2005 साली कायदा करून शब्द दिला: महसुली तूट संपवू, राजकोषीय तूट सकल राज्य उत्पन्नाच्या 3 टक्क्यांत ठेवू. मग 2020 ची टाळेबंदी आली. 4 मे रोजी वित्त विभागाने शासन निर्णय काढून विकासखर्चाला 67 टक्के कात्री लावली. आरोग्यासारखी मोजकी खाती वगळता नवी कामं बंद, नवी भरती बंद. त्याच महिन्यात केंद्राने राज्यांची कर्जमर्यादा, काही अटींवर, 3 वरून 5 टक्क्यांपर्यंत वाढवली होती. तरी वर्षअखेर महाराष्ट्राची राजकोषीय तूट 3 टक्क्यांच्या आतच राहिली. तेवढा शब्द पाळला गेला!

पण कुणाच्या जिवावर? मृग बहराची संत्री निघण्याच्या दिवसांतच बाजार बंद पडले होते. एमआयडीसीत रोजंदारीवर जगणाऱ्याची रोजी गेली होती. अशा वेळी सरकारी रस्त्याचं कामही थांबलं की मुरूम वाहणारा टिप्पर उभा राहतो, खदानीवरचा मजूर रिकामा बसतो आणि आठवडी बाजारात भाजीवालीचा माल तसाच परत जातो. एका घराने हात आखडला तर त्या घराची बचत होते. सगळ्यांनी एकदम आखडला तर सगळ्यांचीच कमाई बुडते, कारण एकाचा खर्च ही दुसऱ्याची मजुरी असते. त्या घडीला खर्च करू शकणारं एकटं सरकार उरतं.

यावर एक आक्षेप आहे आणि तो वजनदार आहे: एकदा सैल सोडलेली तूट पुन्हा आवळली जात नाही. केंद्राच्या 2003 च्या कायद्यातलं 3 टक्क्यांचं लक्ष्य 2007-08 मध्ये गाठलं गेलं, 2008 च्या जागतिक मंदीत सुटलं, ते आजवर हाती आलेलं नाही. आक्षेप मान्य. मात्र त्यातून निघतं ते एवढंच, की कर्ज काढतानाच फेडीची सोय लिहून ठेवावी.

हे महाराष्ट्राला नवं नाही. 1972 च्या दुष्काळात सरकारने कामं काढली. 1973 च्या उन्हाळ्यात सुमारे 50 लाख माणसं त्यांवर होती. त्यातूनच रोजगार हमी योजना उभी राहिली आणि तिच्या पैशासाठी 1975 मध्ये व्यवसाय कर बसवला गेला. आजही पगारपत्रकात बहुतेक महिने कापले जाणारे 200 रुपये ते हेच. गरजूला काम, कमावत्यावर कर, दोन्ही उघडपणे सांगून.

खरी फसवणूक बरे दिवस असताना होते. मार्च 2025 मध्ये ना टाळेबंदी होती ना मंदी, तरी अर्थसंकल्पात महसुली तूट 45,891 कोटींची, म्हणजे रोजच्या खर्चासाठी कर्ज. आधीच्या निवडणुकीत महायुतीने कर्जमाफीचं आश्वासन दिलं होतं. तरी 28 मार्चला अर्थमंत्र्यांनी शेतकऱ्यांना 31 तारखेआधी पीककर्जाचे हप्ते भरायला सांगितलं. 2020 मध्ये आघाडी सरकार होतं, 2025 मध्ये महायुतीचं. अर्थमंत्री दोन्ही वेळा अजित पवारच. तेव्हा हा दोष एका पक्षाच्या माथी मारून मोकळं होता येणार नाही.

कळमेश्वर, मोहपा, धापेवाड्याला पुढच्या वेळी मतं मागायला जो येईल, त्याला दोन प्रश्न विचारा. पीक चांगलं, कारखाने चालू, अशा वर्षी महसुली तूट किती कमी करणार? आणि मंदी आली तर कोणती कामं थांबवणार नाही? उत्तर आकड्यांत घ्या, सभेत सर्वांसमक्ष घ्या.