आरंभीची शिल्लक

व्यापारी नवी वही उघडतो तेव्हा प्रथम आरंभीची शिल्लक मांडतो. तीच चुकली, तर वर्षअखेरीस ताळा जमत नाही. मंदिराच्या जीर्णोद्धारालाही अशी शिल्लक लागते. वैनगंगेकाठच्या मार्कंडा येथील मंदिरसमूहाची ती शिल्लक एकोणिसाव्या शतकातील छायाचित्रांत जपली गेली आहे.

मार्कंडा आज गडचिरोली जिल्ह्यात आहे. १९८२ मध्ये हा जिल्हा वेगळा होईपर्यंत तो सारा वनप्रदेश चांदा, म्हणजेच चंद्रपूर जिल्ह्यात मोडत असे. अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी १८७३ ते १८७५ या काळातील मध्यप्रांताच्या दौऱ्यांच्या अहवालात मार्कंड्याचे, तसेच भांदकचे, म्हणजे जैन भाविकांच्या भद्रावतीचे, वर्णन केले. पुढे १८९० च्या दशकात पुरातत्त्व खात्याचे हेन्री कझिन्स यांनी मार्कंड्याची छायाचित्रे घेतली. त्याआधी, १८८० च्या दशकात, जैन कुटुंबात जन्मलेल्या लाला दीनदयाळ यांनी मध्य भारतातील प्राचीन वास्तू टिपल्या होत्या.

तोवर कोरड्या काचपट्ट्या आल्या होत्या. त्यापूर्वीच्या छायाचित्रकाराला काचेवर रसायनाचा थर देऊन, ती ओली असतानाच चित्र घ्यावे लागे आणि जागेवरच, तंबूच्या अंधारात, ते धुऊन काढावे लागे.

मात्र, ही छायाचित्रे म्हणजे मंदिराचे मूळ रूप नव्हे. मार्कंडेश्वराचे शिखर त्यापूर्वीच वीज पडून भंगले होते आणि त्याची डागडुजीही झाली होती. त्यामुळे छायाचित्र एवढेच सांगते की, त्या दिवशी काय उभे होते आणि काय ढासळले होते. परंतु हिशेबाला हीच नोंद मोलाची. अलीकडे मुख्य मंदिराचे दगड उतरवून ते पुन्हा रचण्याचे काम हाती घेतले गेले आणि दीर्घकाळ रखडले. अशा वेळी कोणता दगड कोठे होता, याची साक्ष माणसाच्या स्मरणापेक्षा जुने चित्र अधिक खात्रीने देते.

आपल्या गावोगावच्या जिनमंदिरांत जीर्णोद्धाराची बोली उत्साहाने लागते. पण संगमरवरी फरशीखाली जुना कोरीव थर झाकला जातो आणि रंगाखाली शिलालेख बुजतो. पहिला दगड हलवण्यापूर्वी प्रत्येक भिंतीचे, मूर्तीच्या पादपीठाचे आणि लेखाचे छायाचित्र दिनांकासह संघाच्या दप्तरी ठेवावे. त्यास खर्च थोडा येतो. न ठेवल्यास होणारी तूट मात्र पुढील कोणत्याही वर्षी भरून निघत नाही.