घरांचा भार कोणी वाहायचा?

गिरगाव-परळच्या चाळींतून बाहेर पडलेला मराठी मध्यमवर्ग आधी डोंबिवलीला, मग बदलापूर-विरारला गेला. डोक्यावर छप्पर आले. नोकरी मात्र मुंबईतच राहिली. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ खचाखच भरलेल्या लोकलमधून पडून प्रवासी मृत्युमुखी पडले. त्याचा दोष केवळ रेल्वेवर टाकून भागणार नाही. घर एका नगरात आणि पोट दुसऱ्या नगरात, ही वाटणी कोणी केली?

खरे तर कोणीच केली नाही, हेच दुखणे आहे. २०१६ साली पनवेलची भर पडून मुंबई महानगर प्रदेशातील महापालिका नऊ झाल्या. प्रत्येकीचा विकास आराखडा वेगळा. मुंबईचा भार हलका करण्यासाठी १९७० साली सिडको आली, १९७५ साली महानगर प्रदेश विकास प्राधिकरण आले. तरीही कोणत्या नगराने किती घरांना, त्यातही अल्प उत्पन्न गटाच्या घरांना, जागा द्यावी याचे बंधन कोणावरही नाही.

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने हे बंधन कायद्याने घातले आहे. राज्य शासन प्रदेशाची गरज ठरवते, प्रादेशिक परिषद ती नगरांत वाटून देते आणि तीही उत्पन्नगटांनुसार. सॅन फ्रान्सिस्को उपसागर परिसराला २०२३ ते २०३१ साठी ४,४१,१७६ घरांचे लक्ष्य मिळाले. पैकी ८२,०६९ एकट्या सॅन फ्रान्सिस्कोच्या वाट्याला आली. जेथे रोजगार, तेथे घरे, हे या वाटपाचे एक प्रमुख सूत्र आहे. श्रीमंत नगरे तेथेही नाके मुरडतात, न्यायालयात जातात. कागदावरचे लक्ष्य म्हणजे बांधलेले घर नव्हे, हेही खरे. पण जबाबदारी कोणाची, हे तरी तेथे लपत नाही.

आपल्याकडे मार्ग नाही असे नाही. ७४व्या घटनादुरुस्तीने महानगर नियोजन समितीची तरतूद केली. तिचे किमान दोनतृतीयांश सदस्य लोकनिर्वाचित प्रतिनिधींनी आपल्यातूनच निवडायचे आहेत. पाण्याच्या वाटणीचा विचार करण्याचे कामही घटनेने तिच्याकडे सोपवले आहे. मग घरांच्या वाटणीचा विचार तेथे का होऊ नये? जे नगर नोकऱ्यांचा कर घेते, त्याने त्या नोकरदारांच्या निवाऱ्याचा वाटा उचलावा; जे नगर घरे सामावून घेते, त्याला त्या प्रमाणात पाणी, रुग्णालये आणि निधी मिळावा. राज्य शासनाने यासाठी कायदा करावा.

एकत्र कुटुंबात कर्त्याने साऱ्यांचा भार एकाच भावावर टाकला, तर घर टिकत नाही. महानगराचेही तसेच आहे.