वकिलातीतलं घर

परराष्ट्र सेवेतून निवृत्त झालेल्या पुरुषांच्या आठवणी वाचताना एक गोष्ट मला नेहमी खटकते. करार, शिष्टमंडळं, रात्री उशिरा दिल्लीला पाठवलेल्या तारा हे सगळं तपशिलात असतं. मग एका संध्याकाळी साहेबांच्या घरी तीसचाळीस पाहुणे जेवतात आणि अडलेली बोलणी पुढे सरकतात. जेवण मात्र आपोआप तयार होतं! कुणाला काय चालत नाही हे कुणी लक्षात ठेवलं, बाजार कुणी केला, मध्यरात्री भांडी कुणी घासली, याचा पत्ता नसतो. फार तर अर्पणपत्रिकेत पत्नीच्या मोलाच्या साथीची एक ओळ.

ही नुसती साथ नव्हती, बिनपगारी नोकरीच होती. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यात १९७२ सालापर्यंत अधिकाऱ्याच्या वार्षिक अहवालात त्याच्या बायकोबद्दलही शेरा मारला जाई. ती पाहुणचारात कशी आहे, चारचौघांत कशी वागते, यावर नवऱ्याची बढती अवलंबून राही. बायकांनी याविरुद्ध आवाज उठवल्यावर त्या वर्षीच्या जानेवारीत खात्याने जाहीर केलं, की अधिकाऱ्याची बायको ही स्वतंत्र व्यक्ती आहे, तिचं मूल्यमापन करायचं नाही. शेरा गेला, मेजवान्या राहिल्या. सिंथिया एन्लो यांनी १९८९ साली आंतरराष्ट्रीय राजकारणावरच्या आपल्या पुस्तकात या बायकांवर स्वतंत्र प्रकरण लिहिलं, तेव्हा अनेक विद्वानांना हा राजकारणाचा विषय वाटतच नव्हता.

आता याच घराची दुसरी बाजू बघा. अधिकारी जर बाई असेल तर? ब्रिटनने १९४६ साली स्त्रियांना राजनैतिक सेवेत घेतलं, पण लग्न केलं की राजीनामा, ही अट १९७३ पर्यंत ठेवली. आपल्याकडे सी. बी. मुथम्मा १९४९ साली परराष्ट्र सेवेत आल्या. स्पर्धापरीक्षा देऊन तिथे पोचलेल्या त्या पहिल्या स्त्री. लग्न केलं तर राजीनामा देईन, असं त्यांच्याकडून लिहून घेतलं होतं. पुढे १९६१ च्या नियमांत ते रीतसर छापलं गेलं: बाई अधिकाऱ्याने लग्नाआधी सरकारची लेखी परवानगी घ्यायची, आणि संसारामुळे तिच्या कामात अडथळा येईल असं सरकारला वाटलं तर ती राजीनामा मागण्यास पात्र. विवाहित स्त्रीला नेमणुकीचा हक्कच नाही, असाही एक नियम होता. संविधान लागू होऊन अकरा वर्षं झाली होती तेव्हा!

बढती नाकारली गेल्यावर मुथम्मा सर्वोच्च न्यायालयात गेल्या. खटला चालू असतानाच सरकारने त्यांना बढती देऊन टाकली, त्यामुळे १९७९ च्या सप्टेंबरात अर्ज निकाली निघाला. पण न्या. कृष्ण अय्यर यांनी सरकारला सुनवायचं ते सुनवलंच. संसाराच्या जबाबदारीने बाईच्या कामात व्यत्यय येत असेल, तर तोच व्यत्यय पुरुषाच्या कामात का येत नाही, हा त्यांच्या म्हणण्याचा रोख. तोवर एक नियम सरकारने काढला होता आणि दुसरा काढत असल्याचं सांगितलं होतं.

सरकारच्या हिशेबात पुरुष अधिकाऱ्याचं घर हे भांडवल होतं आणि बाई अधिकाऱ्याचं घर ही अडचण. घर तेच, कामही तेच. ते करणारी बायको एकाकडे होती, दुसरीकडे नव्हती, एवढाच फरक.

मग या घरात तिसरी बाई येते, पगारी. आणि इथे आपल्यालाही अवघड वाटावं असा प्रश्न सुरू होतो.

१९६१ सालीच व्हिएन्ना करार झाला. राजनैतिक अधिकाऱ्यावर यजमान देशात खटला चालत नाही, त्याच्या घरात पोलीस शिरू शकत नाहीत. हे संरक्षण आवश्यक आहे, नाहीतर कुठलंही सरकार नावडत्या देशाच्या माणसाला उचलून आत टाकेल. दिवाणी दाव्यांत काही अपवाद आहेत. त्यांतला एक म्हणजे अधिकाऱ्याने कामाबाहेर स्वतःच्या फायद्यासाठी केलेला व्यवसाय. मोलकरणीने थकलेला पगार मागितला तर तो यात बसतो का? १९९६ साली अमेरिकेतल्या एका अपील न्यायालयाने सांगितलं, नाही. घरकामाला बाई ठेवणं हा रोजच्या जगण्याचा भाग, तो व्यवसाय नव्हे. म्हणजे मेजवानी असेल तेव्हा घर हे राष्ट्राचं काम, आणि तिथे राबणारीने पैसे मागितले की ती साहेबांची खाजगी बाब!

२०२२ च्या जुलैत ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने ही भिंत थोडी फोडली. लंडनमधल्या एका सौदी अधिकाऱ्याच्या घरी काम करणाऱ्या फिलिपिनो बाईची तक्रार अशी, की सकाळी सातपासून रात्री साडेअकरापर्यंत सुट्टीशिवाय काम, कचरा टाकण्यापुरतंच बाहेर जाणं, आणि हाक मारताच हजर व्हावं म्हणून अंगावर घंटा. हे खरं ठरलं तर ही पिळवणूक म्हणजे व्यवसायच, तिथे संरक्षण नाही, असं तीन न्यायाधीश म्हणाले. दोघांचं मत उलट पडलं.

आपल्याला जवळचं प्रकरण न्यूयॉर्कचं. १२ डिसेंबर २०१३ रोजी उपमहावाणिज्यदूत देवयानी खोब्रागडे यांना मोलकरणीच्या व्हिसासाठी खोटी माहिती दिल्याच्या आरोपावरून अटक झाली. कपडे उतरवून त्यांची झडती घेतली गेली. कुठल्याही बाईची अशी अप्रतिष्ठा निषेधार्हच, आणि तो निषेध देशाने केला. दिल्लीत अमेरिकन वकिलातीसमोरचे सुरक्षा अडथळेही हटवले. आरोप खरे की खोटे हे न्यायालयात ठरलंच नाही, कारण राजनैतिक संरक्षण मिळून त्या जानेवारीत मायदेशी परतल्या. पण त्या गदारोळात पगार किती ठरला होता, किती दिला, तास किती, हे प्रश्न विचारणारीला देशद्रोही ठरवण्यात आलं. एका बाईच्या अपमानाबद्दल बोलायचं तर दुसरीच्या मजुरीबद्दल गप्प बसावं लागतं, ही अट कुणी घातली?

आखातातल्या आपल्या वकिलातींत रोज उलट चित्र दिसतं. मालकाने पासपोर्ट ठेवून घेतलेल्या, पगार थकलेल्या घरकामगार स्त्रिया आसऱ्याला येतात. तिथले अधिकारी मालकाशी भांडतात, परतीचे कागद करून देतात. हे चांगलं काम आहे, त्याचं कौतुक करायला हवं. त्याच अधिकाऱ्यांच्या घरी लेखी करार, आठवड्याची सुट्टी आणि बाईचा पासपोर्ट बाईच्याच हातात, इतकं तरी आपण परराष्ट्र खात्याकडे मागू शकतो. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०११ साली घरकामगारांसाठी १८९ क्रमांकाचा करार केला, तेव्हा भारताने बाजूने मत दिलं. त्याला मान्यता देण्याची सही अजून झालेली नाही.