सध्या काय वाचता?

अध्यापकांच्या उजळणी वर्गात ओळखपाळख झाली की पुढचा प्रश्न ठरलेला असतो : 'सध्या काय वाचताय?' वरवर पाहता हा कुशल विचारण्याइतका निरुपद्रवी प्रश्न. प्रत्यक्षात ती तोंडी परीक्षा असते आणि तिची उत्तरेही ठरलेली असतात. कोणी नेमाड्यांचे नाव घेतो, कोणी श्याम मनोहरांचे, कोणी नुकताच पुरस्कार मिळालेल्या कादंबरीचे. आम्ही तिघे मराठीचे अध्यापक गेली वीसेक वर्षे हीच उत्तरे देत आलो. ती सर्वस्वी खोटी नव्हती. पण रात्री उशाशी जे पुस्तक असते त्याचे नाव त्यांत कधी नव्हते.

याची लाज वाटावी असा प्रसंग मध्यंतरी घडला. एम.ए.च्या एका विद्यार्थिनीने लघुशोधप्रबंधासाठी मराठी विज्ञानकथा हा विषय मागितला. 'वाङ्मयीन मूल्यांच्या दृष्टीने विषय तोकडा आहे' असा शेरा मारून तो नामंजूर झाला आणि ग्रामीण कादंबरीतील स्त्रीचित्रण हा विषय तिच्या पदरी पडला. या विषयावरचे प्रबंध ठेवायला ग्रंथालयात आता जागा उरलेली नाही. त्या बैठकीला आम्ही तिघेही होतो. तिघांनीही विज्ञानकथा वाचलेली होती. एकाच्या पिशवीत त्या क्षणीही तसले एक पुस्तक होते. कोणीही तोंड उघडले नाही. म्हणून आज आमची यादी चारचौघांत मांडतो.

पहिले पुस्तक, उर्सुला ले ग्विन यांची १९६९ची कादंबरी 'द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस'. गेथेन नावाच्या हिमाच्छादित ग्रहावरची माणसे एरवी स्त्रीही नसतात आणि पुरुषही नसतात. महिन्यातील काही दिवसांपुरते त्यांना यांपैकी एक रूप येते. एकच व्यक्ती काही मुलांची आई आणि काही मुलांचा बाप असू शकते. तेथील एका राजाला दिवस जातात. लेखिकेने या माणसांसाठी इंग्रजी पुल्लिंगी सर्वनाम वापरले, त्यावर टीका झाली आणि पुढे तिने स्वतःच त्या निवडीचा फेरविचार केला. मराठीत तर पंचाईत सर्वनामापाशी थांबत नाही. आपली क्रियापदे आणि विशेषणेही लिंग सांगतात. 'तो दमला' की 'ती दमली'? नपुंसकलिंगाचा आश्रय घेऊन 'ते दमले' लिहावे, तर वाचकाला आदरार्थी पुल्लिंग दिसते! म्हणजे तटस्थ होऊ पाहणारी भाषा पुन्हा पुरुषापाशीच येऊन थांबते. भाषा आणि लिंगभाव या विषयावर आम्ही वर्गात जी टिपणे देतो, त्यांत इतका नेमका पेच आजवर आला नव्हता. तो आमच्यापुढे ठेवला एका 'परग्रहावरच्या गोष्टी'ने.

दुसरे पुस्तक, स्तानिस्लाव लेम या पोलिश लेखकाची १९६१ची 'सोलारिस'. एका ग्रहावर महासागर आहे. तो बहुधा सजीव आणि बुद्धिमान असावा. त्याच्याशी संवाद साधण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या संशोधन चालते. पंथ निर्माण होतात, खंडनमंडन होते, वर्गीकरणांचे जाडजूड ग्रंथ ग्रंथालयात साचतात आणि महासागराविषयी निश्चित असे काहीच हाती लागत नाही. विद्यापीठीय ज्ञानव्यवहाराचे इतके निर्दय चित्र आम्ही अन्यत्र पाहिलेले नाही. प्रबंधांचे परीक्षण करणाऱ्या प्रत्येकाने ही कादंबरी एकदा वाचावी आणि थोडा वेळ गप्प बसावे.

तिसरे पुस्तक घरचेच, जयंत नारळीकरांचे 'यक्षांची देणगी'. त्यातील 'गंगाधरपंतांचे पानिपत' ही कथा आम्ही या आठवड्यात पुन्हा वाचली. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे एका अपघातानंतर अशा जगात जाऊन पोहोचतात, जिथे पानिपताची तिसरी लढाई मराठ्यांनी जिंकलेली आहे. मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयात बसून ते दोन इतिहास कुठे वेगळे झाले याचा शोध घेतात. परत आल्यावर त्यांच्यापाशी पुरावा उरतो तो एका बखरीच्या फाटक्या पानाचा : त्या जगातल्या 'भाऊसाहेबांच्या बखरी'त विश्वासरावांना लागलेली गोळी निसटती गेलेली असते. बखर वाङ्मय आम्ही वर्षानुवर्षे शिकवतो. 'भाऊसाहेबांची बखर' म्हटले की भाषेचा ओघ, वीररस, करुणरस, ऐतिहासिक विश्वसनीयता असे मुद्दे ओळीने फळ्यावर उतरतात. बखरीतले एक वाक्य बदलले तर इतिहास बदलतो की फक्त त्याचे कथन बदलते, हा प्रश्न मात्र आम्ही विचारला नाही. तो एका खगोलशास्त्रज्ञाने विचारला. ही कथा इंग्रजी रूपात एन.सी.ई.आर.टी.च्या अकरावीच्या इंग्रजी पाठ्यपुस्तकात गेली. त्यामुळे देशभरातील मुलांनी ती वाचली आणि मराठी घेऊन एम.ए. होणारे आमचे विद्यार्थी तिच्यावाचून पदवीधर झाले.

आता नेहमीच्या आक्षेपांकडे वळू. 'हे आपल्या परंपरेत बसत नाही' असे सांगितले जाते. कोणत्या परंपरेत? कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी अरबी भाषेतील सुरस आणि चमत्कारिक गोष्टी मराठीत आणल्या आणि ते काम विष्णुशास्त्र्यांनी पूर्ण केले. विसाव्या शतकाच्या आरंभी 'केरळकोकिळ'च्या वाचकांना ज्यूल व्हर्नची चंद्रसफर मराठीत मिळत होती. पुढे भा. रा. भागवतांनी व्हर्न घरोघरच्या मुलांपर्यंत नेला. नारायण धारपांची पुस्तके वाचनालयांतून फाटेस्तोवर वाचली गेली. परंपरा आहे, आपल्या वाङ्मयेतिहासाने तिला पडवीत बसवले आहे.

दुसरा आक्षेप वाङ्मयीन गुणवत्तेचा. तो अधिक गंभीर, आणि अधिक अप्रामाणिक. जी. ए. कुलकर्णींच्या 'रमलखुणा'मधील 'इस्किलार' घ्या. नकाशावर न सापडणारा प्रदेश आणि माणसाला खेचत नेणारी गूढ नियती, ही सारी अद्भुतकथेचीच सामग्री आहे. पण लेखक जी. ए. असल्यामुळे आम्ही तिला रूपककथा म्हणतो, दृष्टांतकथा म्हणतो, अस्तित्वविषयक चिंतन म्हणतो. हे सारे तिच्यात आहेच. प्रश्न असा की, अद्भुत साहित्यातील जे उत्तम ते दुसरे नाव देऊन उचलायचे, उरलेल्याकडे बोट दाखवायचे आणि 'या प्रकारात उत्तम काही नाही' असा निष्कर्ष काढायचा, याला समीक्षा म्हणावे काय?

मात्र एक गोष्ट कबूल केली पाहिजे. मराठी विज्ञानकथेत दोष आहेत आणि ते ठळक आहेत. पात्रे पुष्कळदा नावापुरती असतात. ऐन कथेत एखादा शास्त्रज्ञ चहाचा कप खाली ठेवतो आणि तीन पाने व्याख्यान देतो. पण हे दोष टिकले कशामुळे? या कथेला हात दिला तो मराठी विज्ञान परिषदेने. १९७४ साली परिषदेच्या कथास्पर्धेत नारळीकरांनी 'कृष्णविवर' ही कथा 'नारायण विनायक जगताप' या नावाने पाठवली. आपल्या नावाची आद्याक्षरे उलटी करून हे नाव त्यांनी घेतले होते, हेतू हा की परीक्षकांनी कथा पाहावी, लेखक पाहू नये. कथेला पहिले पारितोषिक मिळाले. परिषदेने आपले काम चोख केले. विज्ञानप्रसार हे तिचे ध्येय होते आणि त्या मापाने तिने कथा मोजल्या. साहित्याचे माप घेऊन जाणे हे आमचे काम होते. आम्ही गेलोच नाही. समीक्षकाने पाठ फिरवल्यावर लेखकाने विज्ञानातील अचूकतेलाच कथेची गुणवत्ता मानले, तर दोष एकट्या लेखकाचा नाही.

नारळीकरांना २०१४ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, तो 'चार नगरांतले माझे विश्व' या आत्मचरित्राला. २०२१मध्ये नाशिकच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले तेव्हा आमच्या स्टाफरूममध्ये सर्वांना आनंद झाला. त्यांच्या कोणत्या कथा वाचल्या आहेत असे एकाने विचारले तेव्हा विषय बदलला. २० मे २०२५ रोजी ते गेले. श्रद्धांजलीच्या सभेत 'थोर शास्त्रज्ञ आणि विज्ञानकथाकार' हे शब्द वारंवार उच्चारले गेले, कथा एकही निघाली नाही.

त्यांनी आपले नाव झाकले ते न्यायासाठी. आम्ही आमची पुस्तके झाकली ती भीतीपोटी. या भीतीची किंमत आम्ही कधी मोजली नाही, ती त्या विद्यार्थिनीने मोजली. विद्यार्थी मुळात वाचत नाहीत अशी ओरड आपण करतो. ते काय वाचतात हे ते आपल्याला सांगत नाहीत, एवढेच खरे. आणि न सांगण्याचे शिक्षण त्यांना आपल्याकडूनच मिळाले आहे.

आमचे मागणे मोठे नाही. अभ्यासक्रम बदलायला मंडळे लागतात, सभा लागतात. वर्गात शिरल्यावर आपण खरोखर काय वाचत आहोत हे सांगायला काहीही लागत नाही. विषय नामंजूर करण्यापूर्वी त्या विषयातील दोन पुस्तके वाचावीत, इतकेच बंधन आपण स्वतःवर घालून घ्यावे. वाचून नाकारले तर त्यावर वाद घालता येतो.

ती विद्यार्थिनी यथावकाश उत्तीर्ण झाली. तिचा प्रबंध नीटनेटका आहे. त्यात तिचे असे एकही वाक्य नाही. विज्ञानकथेवर तिला काय म्हणायचे होते, हे आम्ही तिला विचारलेले नाही. या आठवड्यात तिला पत्र लिहून विचारणार आहोत. सोबत आमची यादीही पाठवू.