घरीं न्यावयाची शिदोरी

ज्याच्या घरीं नळ आला, त्यास विहिरीची वाट विसरावयास फार दिवस लागत नाहींत. इंटरनेटच्या बाबतींत आम्हां शिक्षकांचें असेंच झालें आहे. शाळेंत तें आहे, आमच्या घरीं आहे, खिशांतील फोनांतही आहे. तेव्हां तें सर्वांकडे असावयाचेंच, असें आम्हीं कोणास न विचारतां गृहीत धरलें. त्याचा दोष आमच्या पदरीं कसा आला तें प्रथम सांगतों.

गेल्या वर्षीं इयत्ता नववीस आम्हीं विज्ञानाच्या एका प्रकरणाच्या चित्रफिती पाहून येण्यास सांगितलें. साऱ्या चित्रफिती एका गठ्ठ्यांत बांधून ठेविल्या व त्याचा पत्ता फळ्यावर लिहून दिला. गठ्ठा ५ जीबीचा होता, याकडे आमचें लक्ष नव्हतें. आठवड्यानें प्रश्न विचारले तेव्हां एक विद्यार्थी खालीं मान घालून उभा राहिला. आम्हीं त्यास आळशी म्हटलें आणि गुणही कापले. पुढें त्याच्या आईनें येऊन सांगितलें कीं, त्यांच्या वस्तींत फोनास रेंज येत नाहीं व घरीं कोणीसा दिलेला जुना संगणक तेवढा आहे. मुलगा चार किलोमीटर चालून मामाच्या दुकानीं गेला, तेथें सारा गठ्ठा उतरवून घेतला. परंतु पेनड्राइव्हवर १६ जीबी जागा मोकळी असूनही तो त्यावर बसेना. मुलगा दोनदां गेला आणि दोनदां रिकाम्या हातानें परतला. त्या माउलीनें आम्हांस दूषण दिलें नाहीं. आम्हांसच आमची लाज वाटली.

जागा असून वस्तु मावेना, हें कोडें पुष्कळांस पडतें, म्हणून त्याचा उलगडा करतों. पेनड्राइव्हवर मजकूर ठेवण्याची एक मांडणी असते. जुन्या व साध्या पेनड्राइव्हवर बहुधा फॅट३२ नांवाची मांडणी आढळते, आणि तींत कोणतीही एक फाइल ४ जीबीपेक्षां मोठी ठेवतां येत नाहीं. कोठार कितीही मोठें असो, दारांतून पोतें आंत जात नाहीं, तसा हा प्रकार. उपाय दोन आहेत. पेनड्राइव्ह एक्सफॅट या मांडणीवर नव्यानें तयार करावा (असें करतांना त्यावरील पूर्वीचें सर्व पुसलें जातें, हें आधीं ध्यानांत घ्यावें), अथवा पोतेंच फोडून दोन करावीं. सेव्हन-झिपसारख्या फुकट मिळणाऱ्या साधनानें मोठ्या फाइलीचे हवे तसे तुकडे करतां येतात व घरीं ते पुन्हां सांधतां येतात. घरचा संगणक फारच जुना असेल, तर त्यास एक्सफॅट वाचतां येत नाहीं. तेथें तुकड्यांचाच मार्ग बरा. आमच्या विद्यार्थिदशेंत तर १.४४ मेगाबाइटच्या फ्लॉप्यांवर एकेक वस्तु दहा-वीस तुकडे करून नेत असत. त्यांतील सातवी फ्लॉपी बिघडली, म्हणजे उरलेल्या सर्व व्यर्थ! तो अनुभव ज्यांनीं घेतला, त्यांस ५ जीबीचा गठ्ठा बांधतांना पुढच्याचा विचार सुचूं नये, याचें नवल वाटतें.

घरीं नेलेली फाइल जशीच्या तशी पोंचली किंवा नाहीं हें पाहण्याचीही युक्ति आहे. पुष्कळ ठिकाणीं फाइलीशेजारीं ६४ अक्षरांची व अंकांची एक ओळ छापलेली असते. तीच खूण घरच्या संगणकाकडून नव्यानें काढवून ताडून पाहावी. धोब्याच्या वहींतील मोजदादीनें एखादा कपडा कमी आला इतकेंच कळतें; या खुणेनें एका सदऱ्याचा एक टांका उसवला असला, तरी तेंही कळून येतें.

आतां मुख्य मुद्दा. हातानें विद्या वाहून नेणें ही दरिद्र्याची तडजोड आहे, असें अनेक पालक समजतात व मुलेंही ही गोष्ट लपवितात. यांत लपविण्यासारखें कांहींच नाहीं. २०१७ सालच्या एप्रिलांत आठ रेडिओ दुर्बिणींनीं मिळून कृष्णविवरांचें निरीक्षण केलें. त्यांत सांठलेली माहिती इतकी प्रचंड होती कीं, ती तारेवरून धाडणें शक्य झालें नाहीं. शास्त्रज्ञांनीं ती डिस्कवर भरून विमानानें अमेरिकेस व जर्मनीस नेली. दक्षिण ध्रुवावरील डिस्क तर तेथील हिवाळा सरून विमानें सुरू होईपर्यंत अडकून पडल्या आणि डिसेंबरांत पोंचल्या. त्याच मोहिमेंतून निघालेलें कृष्णविवराचें पहिलें चित्र १० एप्रिल २०१९ रोजीं साऱ्या जगानें पाहिलें. दक्षिण आफ्रिकेंत २००९ सालीं एका कबुतराच्या पायास ४ जीबीचें कार्ड बांधून त्याची इंटरनेटशीं शर्यत लावली होती. माहिती पोंचून संगणकांत उतरेपर्यंत सुमारें दोन तास लागले. तेवढ्या वेळांत तारेवरून तिचा चार टक्के भाग पोंचला होता.

गणिताची आवड असणाऱ्यांनीं स्वतः ताळा पाहावा. ६४ जीबीचें कार्ड घेऊन मुलगा अर्ध्या तासांत घरीं पोंचला, तर त्यानें सेकंदास सुमारें २८४ मेगाबिट वाहून नेले. सेकंदास १ मेगाबिट देणाऱ्या जोडणीवरून तेवढेंच उतरवावयास जवळजवळ सहा दिवस लागतील. (कार्ड भरण्यास लागणारा वेळ आम्हीं यांत धरला नाहीं, जुन्या संगणकावर तोच तासभर असतो.)

नेण्यासारखें काय आहे, असें कोणी विचारील. बालभारतीचीं पाठ्यपुस्तकें पीडीएफ स्वरूपांत विनामूल्य मिळतात. किविक्स नांवाच्या साधनानें सबंध विकिपीडिया एका फाइलींत घेऊन इंटरनेटवांचून वाचतां येतो. चित्रांसह इंग्रजी विकिपीडिया १०० जीबीच्या वर जातो, परंतु मराठी त्याच्या मानानें फारच लहान आहे. आपल्या भाषेचें हें उणें येथें उपयोगी पडावें, ही मौजच म्हणावयाची!

पालकांच्या दोन शंका आम्हांस ठाऊक आहेत. कार्डावरून मुलें अभ्यासाऐवजीं सिनेमे नेतील, ही पहिली. नेतीलही. क्यूबांत दर आठवड्यास सुमारें १ टेराबाइटचा गठ्ठा हातोहात घरोघर फिरत असे, त्यांत मालिका व चित्रपट यांचाच भरणा अधिक होता. म्हणून देणाऱ्याची निवड महत्त्वाची. देणेंच बंद करणें हा उपाय नव्हे. दुसरी शंका संगणकरोगाची. ती रास्त आहे, आणि शाळेंत प्रत्येक कार्ड प्रथम तपासूनच लाविलें पाहिजे.

आमच्या मतें दोष विद्यार्थ्यांपेक्षां देणाऱ्यांकडे अधिक आहे. धड्याचा पत्ता दिला म्हणजे धडा दिला, असें होत नाहीं. जो शिक्षक चित्रफीत पाहावयास सांगतो, त्यानें ती लहान आकारांत व ४ जीबीच्या आंतील तुकड्यांत शाळेच्या संगणकावर ठेवावी, आणि ती नेण्यास विद्यार्थ्यास किमान चार दिवस द्यावे. हा नियम आम्हीं प्रथम आमच्यावरच लागू केला आहे. त्या विद्यार्थ्याचे कापलेले गुणही त्यास परत दिले. ते वर्ष सरतां सरतां दिले, ही मात्र आमची चूक.

यापुढें मंगळवारीं व शुक्रवारीं शाळा सुटल्यावर एक तास संगणकाची खोली याच कामासाठीं उघडी राहील. पालकांकडे जुन्या फोनांतून काढलेलीं कार्डें पडून असतील, तर त्यांवरील घरचीं चित्रें पुसून तीं शाळेस द्यावीं, ही विनंति. ग्रंथालयांत त्यासाठीं पत्र्याचा एक डबा ठेविला आहे. त्यांत आजवर अकरा कार्डें जमलीं असून त्यांपैकीं नऊ चालतात.